नव्या धंद्याची घडी : माग घेण्याआधी दिवस मोजा

आपल्या वस्तीतला एखादा तरुण नवा धंदा सुरू करायचे म्हणतो, तेव्हा त्याचे पहिले प्रश्न बहुधा ठरलेले असतात. माग किती घ्यावेत? शिलाई मशीन नवे घ्यावे की जुने? घरातले दागिने, वडिलांची शिल्लक, एखाद्या नातेवाइकाने दिलेले कर्ज-ए-हसना असा सगळा पैसा तो लोखंडात घालतो आणि मग कच्च्या मालासाठी सूतवाल्याच्या दारात उधारीला उभा राहतो. सहा महिन्यांनी मशीन चालू असते, माल निघत असतो, वहीत नफाही दिसत असतो. पण कारीगराची मजुरी द्यायची वेळ आली की गल्ला रिकामा. कापडाच्या धंद्यात आम्ही तीस वर्षे हे पाहत आलो आहोत. बंद पडलेल्या अशा धंद्यांपैकी बरेचसे तोट्याने बंद पडले नाहीत. गुंतलेला पैसा परत येईपर्यंत मालकाचा दम टिकला नाही, म्हणून ते बंद पडले.

कामाची मांडणी नव्याने करणे, म्हणजे इंग्रजी पुस्तकांत ज्याला प्रोसेस रिडिझाइन म्हणतात, तो विषय मोठ्या कंपन्यांचा आणि सूटबूटवाल्यांचा आहे असे आपले लोक समजतात. आमचे मत उलट आहे. मोठ्या कंपनीची जुनी घडी मोडून नवी बसवायला वर्षे लागतात आणि भांडणे होतात. नव्या माणसाची घडी अजून पडलेलीच नसते. ती पहिल्याच दिवशी नीट घालता येते, आणि त्याला खर्च कागद-पेन्सिलीचा.

एका लॉटचा प्रवास

समजा, एका नव्या कापडवाल्याकडे १० लाख रुपये आहेत. तो सूत घेतो, मजुरीवर कापड विणून घेतो, रंगवून घेतो आणि विकतो. त्याच्या एका लॉटचा प्रवास असा मांडू. सूत येऊन गोदामात पडते ८ दिवस. सायझिंगला ४ दिवस. मागावर २० दिवस. ग्रे कापडाचा टेम्पो भरण्याइतका माल जमेपर्यंत ७ दिवस. प्रोसेस हाऊसमध्ये २५ दिवस. घडी, पॅकिंग आणि गिऱ्हाईक मिळेपर्यंत ११ दिवस. आणि बिल दिल्यावर पेमेंट यायला ४५ दिवस. एकूण १२० दिवस. हे आकडे आम्ही उदाहरणासाठी घेतले आहेत, पण धंद्यातल्या माणसाला ते परके वाटणार नाहीत.

आता या १२० दिवसांत मालाला प्रत्यक्ष हात किती दिवस लागतो? सायझिंगचा एक, विणाईचे बारा, रंगाईचे दोन आणि घडीचा एक धरा. सोळा दिवस झाले. उरलेले १०४ दिवस माल किंवा पैसा कुठेतरी पडून आहे. आणि आपले लोक घासाघीस करतात ती या सोळा दिवसांवर! विणाईच्या मजुरीत मीटरमागे चार पैसे कमी करून घेतले की फार हुशारी केली असे वाटते. बाकीच्या १०४ दिवसांकडे कोणी बघत नाही.

दर फेरीला सगळा खर्च जाऊन शेकडा ४ नफा सुटतो असे धरले, तर १० लाखांवर एका फेरीत ४० हजार मिळतात. १२० दिवसांच्या फेरीने वर्षात तीन फेऱ्या होतात, म्हणजे १ लाख २० हजार. तोच माल, तोच भाव, तोच नफा ठेवून फेरी ६० दिवसांवर आणली तर वर्षात सहा फेऱ्या आणि २ लाख ४० हजार. भांडवलात एक रुपयाही वाढलेला नाही.

आपल्या वाचकांसाठी या हिशेबाला आणखी एक बाजू आहे. आपल्यापैकी अनेकांना धंद्यात व्याजाचा पैसा नको असतो. म्हणजे कॅश क्रेडिट काढून भांडवल वाढवण्याचा, इतरांना खुला असलेला रस्ता त्यांनी स्वतःच बंद केलेला असतो. अशा माणसाला आहे तोच पैसा वर्षात जास्त वेळा फिरवणे भाग आहे. शेजारचा व्यापारी १२० दिवसांची फेरी बँकेच्या जोरावर ओढू शकतो. याला ती परवडत नाही.

मागवाल्यांनी मोटार कशी बनवली

टोयोटा म्हटले की मोटार आठवते. पण ते घराणे मूळचे माग बनवणाऱ्यांचे. साकिची टोयोडा हा जपानमधल्या एका सुताराचा मुलगा. १९२४ साली त्याने असा स्वयंचलित माग तयार केला की चालू असतानाच त्याचा धोटा बदलला जाई आणि ताण्यातला धागा तुटला की माग आपोआप थांबे. त्याआधी कारीगराला मागावर पहारेकऱ्यासारखे उभे राहावे लागे. आता एक माणूस कितीतरी माग सांभाळू लागला. १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स या यंत्र बनवणाऱ्या प्रसिद्ध कंपनीने या मागाच्या हक्कांसाठी एक लाख पौंडांचा करार केला. ज्या इंग्लंडने जगाला माग विकले, त्याने तो जपानकडून घेतला. साकिचीचा मुलगा किइचिरो याने पुढे मोटारीचे काम सुरू केले आणि १९३७ मध्ये टोयोटा मोटर कंपनी उभी राहिली.

मोटारीच्या कारखान्यातली कामाची मांडणी बदलणारे ताइची ओनो हेही कापडातलेच. १९३२ मध्ये ते टोयोडांच्या सूत-कापड कंपनीत लागले आणि १९४३ मध्ये मोटारीकडे गेले. त्यांनी दोन गोष्टी धरल्या. पहिली मागाचीच : दोष दिसला की काम तिथेच थांबवायचे, पुढे ढकलायचे नाही. दुसरी त्यांनी अमेरिकेतल्या सुपरमार्केटवरून उचलली : फळीवरचा माल उचलला गेला की तेवढाच पुन्हा भरायचा. पुढच्याला लागेल तेवढेच मागच्याने बनवायचे, जास्त नाही.

आपल्याकडे साध्या यंत्रमागांपैकी बहुतेकांवर ताणा तुटल्यावर माग थांबवणारे साधन नाही. धागा तुटतो, माग चालत राहतो आणि वीस मीटर कापडात रेघ पडते. ती रेघ कळते कधी? कापड रंगून, घडी घालताना. तोवर त्या खराब कापडावर रंगाईचा खर्चही झालेला असतो आणि दीड महिनाही गेलेला असतो. १ एप्रिल २०१७ रोजी सरकारने पॉवरटेक्स इंडिया योजना भिवंडीतूनच जाहीर केली होती. तिच्यात साध्या मागांना अशी साधने बसवण्यासाठी अनुदान होते. अनेकांनी ते घेतले नाही. माग थांबला म्हणजे नुकसान, ही समजूत आपल्या डोक्यात इतकी पक्की आहे.

लॉट लहान ठेवा असे आम्ही म्हणतो, तेव्हा मागवाले लगेच विचारतात की बीम बदलण्यात वेळ जातो त्याचे काय? प्रश्न बरोबर आहे. टोयोटालाही तो पडला होता. त्यांच्या एका मोठ्या प्रेसचा साचा बदलायला चार तास लागत. शिगिओ शिंगो या तंत्रज्ञाने तो वेळ आधी दीड तासावर आणि पुढे तीन मिनिटांवर आणून दाखवला. नवे यंत्र घेऊन नव्हे. यंत्र बंद असतानाच करावी लागतील ती कामे कोणती आणि चालू असताना आधी उरकता येतील ती कोणती, हे वेगळे करून. आपल्या कारखान्यात बीम संपल्यावर पुढच्या बीमची शोधाशोध सुरू होते, मग सांधणाऱ्याला बोलवायला पोरगा जातो, मग चहा होतो. पुढचा बीम आधीच मागाशेजारी आणून ठेवला आणि सांधणाऱ्याला आदल्या दिवशी वेळ सांगितली, तर अर्धा वेळ तिथेच वाचेल.

पाचशे माणसे आणि पाच माणसे

कागदाच्या कामाचे उदाहरण अमेरिकेच्या फोर्ड कंपनीचे आहे. मायकेल हॅमर यांनी ते १९९० मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमधल्या लेखात सांगितले आणि तेव्हापासून ते गाजले. १९८० नंतर फोर्डने उत्तर अमेरिकेतल्या आपल्या देणी-विभागाकडे पाहिले. माल पुरवणाऱ्यांची बिले चुकती करण्यासाठी तिथे पाचशेहून अधिक माणसे होती. संगणक बसवून शंभरेक माणसे कमी करता येतील असा विचार चालला होता. मग त्यांनी माझदा या जपानी कंपनीकडे पाहिले. तिथे हेच काम पाच माणसे करीत होती. माझदा लहान कंपनी होती, पण शंभर पटीने लहान नव्हती.

फोर्डकडे ऑर्डरची प्रत, माल आल्याची पावती आणि पुरवठादाराचे बिल असे तीन कागद येत. त्यांतल्या चौदा बाबी जुळल्या तरच पैसे निघत. माणसांचा सगळा वेळ न जुळलेल्या कागदांची भांडणे सोडवण्यात जाई. फोर्डने शेवटी बिलच काढून टाकले. माल दारात आला की घेणारा माणूस संगणकावरची ऑर्डर पाही. जुळला तर माल घ्यायचा आणि पैसे आपोआप सुटायचे. जुळला नाही तर दारातूनच परत. माणसे पाऊणपट कमी झाली. पुढे या 'रिइंजिनिअरिंग'च्या नावाखाली अनेक कंपन्यांनी नुसती नोकरकपात केली, आणि माणसांकडे आपले दुर्लक्ष झाले असे हॅमर यांनीच १९९६ मध्ये कबूल केले. तो भाग घेऊ नये. भांडणाचे मूळ काढण्याचा भाग घ्यावा.

जीएसटी आल्यापासून आपल्याकडे बिल काढून टाकणे शक्य नाही, आणि तशी गरजही नाही. पण भांडण कुठे होते ते पाहा. ऑर्डर तोंडी असते, चलनावर एक मीटर, बिलावर दुसरे, आणि गिऱ्हाईक आपल्या टेबलावर मोजून तिसरे सांगते. मग पेमेंट अडते, शेवटी दलाल मध्ये पडतो आणि 'सेकंड' माल निघाला म्हणून काहीतरी कापून पैसे मिळतात, तेही दोन महिन्यांनी. नव्या माणसाने ऑर्डर घेतानाच चार ओळी लिहून घ्याव्यात : मोजमाप कोणाच्या टेबलावरचे धरायचे, मीटरमध्ये किती कमी-जास्त चालेल, माल नापसंत असेल तर किती दिवसांत कळवायचे, आणि पैसे कोणत्या तारखेला. उधारीचा व्यवहार मुदत ठरवून लिहून ठेवावा, हे आपल्या लोकांना शिकवायला अमेरिकेच्या प्रोफेसरची गरज पडू नये.

रंग उशिरा, माल लवकर

इटलीच्या बेनेटन कंपनीचे स्वेटर जगभर खपत. यंदा कोणता रंग चालेल हे आधी कोणालाच कळत नाही. रंगीत लोकर घेऊन स्वेटर विणले तर निम्मे पडून राहतात. सत्तरच्या दशकात बेनेटनने क्रम उलटा केला. काही माल बिनरंगी लोकरीत विणून ठेवायचा, आणि दुकानांतून मागणी कळली की मग तयार स्वेटर त्या रंगात बुडवायचा. असा रंग थोडा महाग पडतो, पण न खपलेला माल त्याहून महाग. स्पेनच्या झारा कंपनीनेही पुढे बरेच कापड न रंगवता ठेवण्याची रीत धरली.

आपण तर ग्रे कापडाचेच लोक! तरीही आपला नवा व्यापारी ग्रे हातात आले की सगळे एकदम रंगायला पाठवतो, कारण प्रोसेस हाऊस लहान लॉट घेत नाही आणि घेतला तर मोठ्या पार्टीच्या मागे टाकते. एका प्रोसेस हाऊसमध्ये आमचा लॉट रमजानच्या आधी गेला आणि ईदच्या नंतर हातात आला. त्या रंगाचे गिऱ्हाईक तोवर निघून गेले होते. यावर एकट्या माणसाजवळ उपाय थोडा आहे. पण तीन-चार लहान व्यापाऱ्यांनी मिळून एका रंगाचा लॉट एकत्र पाठवला आणि आठवड्यातला ठरावीक वार बांधून घेतला, तर प्रोसेसवाल्यालाही ते सोयीचे पडते. आपले लोक मिळून जमीन घेतात, मिळून मदरसा चालवतात, पण मिळून एक लॉट रंगवत नाहीत, हे आम्हाला अजून उमगलेले नाही.

ढाक्याचा धडा

हातात भांडवल नसताना परदेशी बाजारात उतरण्याचे मोठे उदाहरण आपल्या शेजारी बांगलादेशात आहे. नुरुल कादिर या माजी सनदी अधिकाऱ्याने १९७८ मध्ये कोरियाच्या देवू कंपनीशी करार केला. त्या काळी श्रीमंत देशांनी कोरियाच्या कपड्यांवर कोटा बसवला होता, बांगलादेशावर नव्हता. म्हणून देवूला तिथे यायचे होते. १९७९ मध्ये देश गार्मेंट्सने आपली १३० माणसे कोरियातल्या पुसानला शिकायला पाठवली. त्यांत मुलीही होत्या. ती नुसती शिलाई शिकली नाहीत. माल कसा मागवायचा, ओळीत काम कसे वाटायचे, तपासायचे कसे, जहाजावर चढवायचे कसे, हे सगळे शिकून आली. पुढच्या काही वर्षांत त्यांतल्या बहुतेकांनी ती नोकरी सोडली. कोणी स्वतःचे कारखाने काढले, कोणी दुसऱ्यांचे उभे करून दिले. देशभर जो कपड्याचा उद्योग पसरला, त्याचे बी हे.

पण आमच्या मते खरी करामत पैशाच्या मांडणीत होती. शर्टाच्या किमतीत मोठा वाटा कापडाचा, आणि कापड परदेशातून येणार. मग गरीब देशातला कारखानदार ते घेणार कशाने? तिथे अशी रीत बसवली : परदेशी गिऱ्हाइकाच्या बँकेकडून शर्टांसाठी पतपत्र, म्हणजे एलसी, येते. त्याच्या आधारावर इथली बँक कापडवाल्याच्या नावाने दुसरी एलसी उघडते, बहुधा काही महिन्यांच्या मुदतीची. कापड बंदरावर जकात न भरता कारखान्याच्या सरकारी देखरेखीखालच्या गोदामात येते. शर्ट शिवून जहाजावर चढतात, गिऱ्हाइकाचे पैसे येतात, बँक आधी कापडवाल्याचे देते आणि उरलेले कारखानदाराला. याला बॅक-टू-बॅक एलसी म्हणतात. म्हणजे कापडाचा पैसा कारखानदाराच्या खिशातून जातच नाही. मात्र जहाज चुकले तर गिऱ्हाइकाची एलसी संपते आणि कापडवाल्याचे देणे डोक्यावर राहते. म्हणून तिथे तारीख पाळण्याचा धाक फार.

त्या धाकाचे दुसरे टोकही सांगितले पाहिजे. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ सावर इथली राणा प्लाझा ही आठमजली इमारत कोसळली आणि अकराशेहून अधिक माणसे मेली. भिंतींना तडे आदल्याच दिवशी दिसले होते. खालची बँक आणि दुकाने बंद ठेवली गेली, पण वरच्या कपड्याच्या कारखान्यांतल्या कारीगरांना सकाळी कामावर बोलावले. आम्ही दिवस वाचवा म्हणतो, ते माल पडून राहतो त्या दिवसांबद्दल. कारीगराच्या झोपेतले आणि जिवातले दिवस त्यात मोजायचे नाहीत.

आपल्या देशात निर्यातीच्या मालासाठी लागणारा कच्चा माल जकातीशिवाय आणण्याची ॲडव्हान्स ऑथोरायझेशनची सोय आहे. जरीकाम, भरतकाम करणाऱ्या लहान कारीगराला ती जड वाटेल. त्याने टपाल खात्याच्या डाकघर निर्यात केंद्रात जाऊन चौकशी करावी. पार्सलचे कस्टमचे कागद आता तिथेच होतात.

पेमेंटचे दिवस

राहिले शेवटचे ४५ दिवस, जे बाजारात सहज ९० होतात. २००६ च्या सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे लहान उत्पादकाचे पैसे लेखी मुदत ठरली असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि ठरली नसेल तर १५ दिवसांत मिळाले पाहिजेत. २०२३ च्या वित्त कायद्याने यात दात बसवले : सूक्ष्म व लघू उत्पादकाचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर ती रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत देणाऱ्याला आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही. यासाठी उद्यम नोंदणी पाहिजे, आणि हे संरक्षण माल बनवणाऱ्याला व सेवा देणाऱ्याला आहे, नुसत्या खरेदी-विक्रीवाल्याला नाही. २०२४ च्या सुरुवातीला काही बाजारांत उलटाही परिणाम दिसला. मोठ्या पार्ट्या नोंदणीवाल्याकडून माल घ्यायला कचरू लागल्या. तरीही नोंदणी करावी असेच आम्ही सांगतो. कायद्यातले चक्रवाढ दंडव्याज आपल्यापैकी अनेकांना नको असेल, पण मुदत तर हवी आहे.

नव्या माणसाने सुरुवातीचे सहा महिने माग विकत घेऊ नयेत. दुसऱ्याच्या मागावर मजुरीने विणून घ्यावे आणि दोन-तीनच गिऱ्हाइकांना लहान लॉट द्यावेत. आम्ही व्यापारी, म्हणून असा सल्ला देतो, असे मागवाले म्हणतील. म्हणू द्यात. त्या सहा महिन्यांत आपला माल कुठे किती दिवस पडतो हे कळते. वर दिलेल्या उदाहरणात सूत ३, सायझिंग ३, माग १०, टेम्पो २, प्रोसेस १२, विक्री ५ आणि पेमेंट २५ दिवसांवर आणले की ६० होतात. एकही जागा अशी नाही की जिथे चमत्कार करावा लागेल. फक्त पेमेंटसाठी थोडा भाव सोडावा लागेल. २५ दिवसांत पैसे देणाऱ्याला शेकडा एक सवलत दिली, तर फेरीमागे सुटणारे चार टक्के तीनवर येतात. सहा फेऱ्यांचे १ लाख ८० हजार होतात, तरी ते १ लाख २० हजारांहून जास्तच.

दिवस कळण्यासाठी प्रत्येक लॉटला एक चिठ्ठी बांधावी. तिच्यावर लॉटचा नंबर, सुताचा काउंट, मीटर आणि खाली दोन रकाने : आला कधी, गेला कधी. सायझिंगवाला, मुकादम, टेम्पोवाला, घडी घालणारा, ज्याच्या हातात लॉट येईल त्याने तारीख टाकून सही करावी. लिहिता येत नसेल तर मुलाकडून लिहून घ्यावी, पण आठवणीवर सोडू नये. प्रोसेस हाऊसमध्ये कापडाबरोबर चिठ्ठी जाऊ शकत नाही, म्हणून तिथे ती चलनाला टाचून ठेवावी आणि माल परत येताना मागून घ्यावी. चिठ्ठी जाड पुठ्ठ्याची असावी आणि तारखा बॉलपेनने लिहाव्यात. साधा कागद सायझिंगच्या ओलाव्यात टिकत नाही.